वाचकांचे प्रश्न : गाडी ट्रॅकवर नेण्याआधी

मागच्या अंकात हौशी चालकांच्या ट्रॅक डेविषयी चार ओळी लिहिल्या आणि मराठवाड्यातून इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे लागत आहे. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच, की ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे; शर्यतीसाठी बांधलेल्या बंदिस्त मार्गावर, शुल्क भरून, आपलीच गाडी कोणाशी चुरस न लावता जोरात चालवण्याचा तो दिवस असतो. २०१० साली औरंगाबादकरांनी एकाच खेपेत दीडशे मर्सिडीज घेतल्या तेव्हा देशभर चर्चा झाली होती, आणि शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्या तर २००१ पासून तयार होत आहेत. तेव्हा आपल्याकडे ही हौस आहे याचे मला नवल वाटले नाही. नवल एका गोष्टीचे वाटले. गाडीला काय लावू, असे जवळजवळ सगळ्यांनी विचारले आहे. ट्रॅकवर कसा जाऊ, असे विचारणारे पत्र एकच निघाले. ते शेवटी घेतले आहे.

प्रश्न : माझ्याकडे जुनी घेतलेली ऑडी टीटी आहे. इंजिनाला हात लावलेला नाही. येत्या हिवाळ्यात ती प्रथमच ट्रॅकवर न्यायची आहे. मित्रांचे म्हणणे असे, की आधी मोठ्या डिस्क आणि सहा पिस्टनचे कॅलिपर बसवून घ्यावेत. खर्च लाखांत जातो. तो करावा का?
— एक वाचक, जालना

उत्तर : आत्ताच करू नये. आपले मित्र ब्रेककडे लक्ष वेधत आहेत हे अगदी योग्य आहे, पण पहिल्या दिवशी दगा देतो तो ब्रेकचा आकार नव्हे, तर त्यातले जुने ऑइल आणि रस्त्यावरच्या वापरासाठी केलेले पॅड.

चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला कॅलिपर चिमट्यासारखा पकडतो; ऑइलच्या दाबाने त्यातले पिस्टन सरकतात आणि पॅड डिस्कवर दाबतात. थोडा हिशेब मांडू. चालकासह चौदाशे किलोची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर आणायची, तर सुमारे एक मेगाजूल ऊर्जा, म्हणजे माठातले सव्वातीन लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता, अडीच-तीन सेकंदांत चार डिस्कमध्ये जिरवावी लागते आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो. रस्त्यावर असा ब्रेक महिन्यातून एखादे वेळी लागतो. ट्रॅकवर तो प्रत्येक फेरीत दोन-तीनदा लागतो आणि मधल्या काळात डिस्क पुरती निवत नाही. ही उष्णता पॅडमधून पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून ऑइलमध्ये उतरते. डॉट ४ प्रतीचे ताजे ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. परंतु हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तेच ऑइल १५५ अंशांनंतर केव्हाही उकळू शकते. उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, आणि पेडल सरळ तळाला जाते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी कोइम्बतूरजवळच्या ट्रॅकवर माझ्या जुन्या होंडा सिटीचे ब्रेक ऑइल मी बदलले नव्हते, डबीत कमी वाटले तेवढे वरून ओतले होते. तीन फेऱ्या उत्तम झाल्या. चौथ्या फेरीत पेडल अंगठ्याखाली पिकलेल्या चिकूसारखे लागले. त्याचा अर्थ मला कळायला हवा होता, तो कळला नाही. पुढच्या वळणावर पाय थेट गालिच्यापर्यंत गेला. दोनदा पंप मारला, गिअर उतरवला आणि गाडी गवतात जाऊन थांबली. गाडीला ओरखडाही आला नाही, पण त्या दिवशीचे माझे उरलेले शुल्क झाडाखाली बसून फिटले. वाचवले होते ते एका डबीचे पैसे.

तेव्हा आपण जाण्याआधीच्या आठवड्यात संपूर्ण ऑइल काढून डॉट ४ किंवा डॉट ५.१ प्रतीचे नवे भरून घ्यावे. डॉट ५ हे नाव सारखे वाटले, तरी ते सिलिकॉनचे वेगळे ऑइल आहे. ते यात मिसळू नये. पुढचे पॅड ट्रॅकसाठीचे, अधिक तापमान सोसणारे घ्यावेत. पेडल मऊ पडले तर ऑइल उकळले, आणि पेडल घट्ट असूनही गाडी थांबेना तर पॅड तापून घसरू लागले, एवढी खूण लक्षात असू द्यावी. प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक न लावता हळू काढावी आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये. चाकामागे दगड लावावा. एवढे करूनही तिसऱ्या-चौथ्या वेळी ब्रेक कमी पडू लागले, तर मोठ्या कॅलिपरचा विचार जरूर करावा.

प्रश्न : मी वाळूजला टूलरूममध्ये कामाला आहे. माझ्या ऑक्टाव्हियाची चाके थोडी बाहेर यावीत म्हणून १५ मिलिमीटरचे ॲल्युमिनियमचे स्पेसर (चाकामागे बसवायच्या चकत्या) मी स्वतः व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) काढले. गाडी भारदस्त दिसते. ट्रॅकवर हे चालतील का?
— एक वाचक, वाळूज

उत्तर : आपल्या पत्रासोबतचे रेखाचित्र पाहून आनंद झाला. बाजारात डबीत मिळणारे पुष्कळसे स्पेसर याहून ओबडधोबड असतात. परंतु जॉब सुबक झाला म्हणजे तो चाकाखाली टिकेल असे नाही, म्हणून काही गोष्टी विचारतो. त्यांपैकी एकीचेही उत्तर नाही असे आले, तर स्पेसर उतरवून ठेवावेत.

धातू कोणता घेतला? भंगारातला अज्ञात गोळा असेल, तर विषय तिथेच संपला. ६०६१ किंवा ६०८२ या मिश्रधातूची टी६ प्रक्रिया केलेली पट्टी, तीही सोबतच्या प्रमाणपत्रासह, एवढे किमान हवे. मधले भोक ५७.१ मिलिमीटरच्या हबवर (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर) हलका हात मारून बसेल इतके नेमके आहे का, आणि बाहेरच्या बाजूला चाक बसण्यासाठी त्याच मापाची कडा ठेवली आहे का? ती नसेल, तर चाक केवळ बोल्टच्या भरवशावर मध्यात येते आणि वेगात स्टिअरिंग थरथरू लागते. दोन्ही फेस एकमेकांना समांतर आहेत का, हे गाडीवर बसवूनच डायल लावून पाहावे. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढला नसेल, तर व्हीएमसीवर साधलेली अचूकता त्या गंजावरच वाया जाते.

आता बोल्ट. या गाडीला नटाऐवजी एम१४ × १.५ चे बोल्ट आहेत, त्यामुळे १५ मिलिमीटरचा स्पेसर घातला की बोल्टही तेवढाच लांब घ्यावा लागतो. जुनेच बोल्ट लावले, तर जेमतेम दोन-तीन आटे पकडतात आणि ते पहिल्या दोन वळणांत निघतात. याहून फसवी बाब बोल्टच्या डोक्याखालच्या आकाराची आहे. कंपनीच्या चाकांना गोलाकार बैठकीचा बोल्ट लागतो आणि बाहेरून घेतलेल्या बऱ्याचशा अलॉयना शंकूच्या आकाराचा. एकाच्या जागी दुसरा लावला तर तो घट्ट बसल्यासारखा वाटतो, पान्याला १२० न्यूटन मीटरचा टॉर्कही (पिळाचा जोर) दाखवतो. प्रत्यक्षात मात्र एका बारीक कडेवर टेकलेला असतो आणि तापून-निवून ढिला पडतो. आपल्यासारख्या माणसाला हे बोल्टला निळा रंग लावून आणि तो बैठकीवर कुठे उमटतो ते पाहून दहा मिनिटांत तपासता येईल.

एवढे सगळे बरोबर असले, तरी माझे मत विचाराल तर स्पेसरने गाडीला वेग मिळत नाही. चाक बाहेर गेल्याने बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग हातातून ओढले जाते. आपल्या हातात मशीन आहे तर ते अधिक कामाच्या वस्तूवर लावावे. पुढच्या ब्रेकमागचा पत्रा काढून त्या जागी बसेल अशी ॲल्युमिनियमची प्लेट करावी, तिला तीन इंची नळीचे तोंड द्यावे आणि बंपरमधली हवा थेट डिस्कच्या मध्यभागी सोडावी. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर नव्हे, मध्यभागी; कारण वातायनाची, म्हणजे आत हवेच्या वाटा असलेली, डिस्क स्वतःच ती हवा आतून बाहेर फेकते. अशी प्लेट आपल्याकडे तयार मिळत नाही. जालन्याच्या वाचकांनाही एक जोडी लागेल असे दिसते.

प्रश्न : माझ्या मुलाने गाडीच्या स्प्रिंगा कापून ती खाली केली आहे. आमचे घर शिवारात आहे, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांनी चाकोऱ्या पाडलेल्या आहेत आणि गाडीचे पोट रोज घासते. तो म्हणतो, रेसच्या गाड्या अशाच असतात. मला यातले काही कळत नाही. याचा काही उपयोग असतो का, आणि पोलिसांची किंवा विम्याची अडचण येईल का?
— एक पालक, बीड जिल्हा

उत्तर : आपल्याला यातले कळत नाही असे आपण म्हणता, पण पोट घासते हे आपल्याला दिसले आणि चिरंजीवांना दिसले नाही.

गाडीचे वजन जितके जमिनीजवळ, तितकी ती वळणात कमी कलते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. शर्यतीच्या गाडीत मात्र त्यासाठी कमी उंचीची वेगळी स्प्रिंग, तिला जुळणारा शॉकअप आणि बदललेली जोडणी अशी सगळी मांडणी नव्याने होते. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला की उरलेली स्प्रिंग सुमारे वीस टक्के कडक होते. शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशेबाचा राहतो, त्यामुळे गाडी उसळत राहते. चाक वरखाली होण्याची जागा कमी झाल्याने छोट्या खड्ड्यातही शॉकअप रबरावर आदळतो, आणि त्या क्षणी टायरची पकड अचानक सुटते. चाक खाली लोंबले असता कापलेली स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते, हा धोका वेगळाच. थोडक्यात, ही गाडी ट्रॅकवरसुद्धा मूळच्या गाडीपेक्षा हळू जाईल.

कायद्याचे म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाजोगता बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर दावा अडतो. मूळ स्प्रिंगा नव्या घेऊन बसवाव्यात, कापलेल्या परत जोडता येत नाहीत. मुलाला रागे भरू नये एवढी विनंती आहे. ज्याला स्प्रिंग कापण्याचा उत्साह आहे, त्याला ती समजून घेण्याचाही येऊ शकतो.

प्रश्न : माझ्या पोलो जीटी टीएसआयचे रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलून शक्ती वाढवण्याचे काम, करून घ्यायचे आहे. १०५ वरून १४० हॉर्सपॉवर मिळतील असे सांगितले जाते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात गाडीला त्रास होईल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : सांगितलेला आकडा खोटा नाही, पण तो कोणत्या हवेत मोजला हे विचारावे. ४२ अंशांच्या दुपारी हवा २० अंशांच्या मानाने सुमारे सात टक्के विरळ असते, आणि लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर असल्याने आणखी तितकीच घट होते. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो ही तूट भरून काढण्यासाठी अधिक जोराने फिरतो, त्यामुळे हवा अधिक तापते, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटू पाहते. संगणकाला त्याची चाहूल लागली की तो ठिणगी मागे घेतो आणि शक्ती कमी करतो. म्हणून मे महिन्यात तिसऱ्या फेरीपासून आपली १४० ची गाडी किती उरते, हे ओबीडीच्या (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या) साध्या यंत्रावर इनटेकचे, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचे, तापमान पाहूनच कळेल. एक फेरी जोराची आणि एक निवण्याची, असा क्रम ठेवावा.

इंधनाची बाब अनेक जण विसरतात. पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलने ऑक्टेन, म्हणजे असे अवेळी न पेटण्याची क्षमता, वाढते ही जमेची बाजू, परंतु शुद्ध पेट्रोलला जिथे १४.७ पट हवा लागते तिथे या मिश्रणाला साडेतेरा पटच लागते, म्हणजे त्याच हवेसाठी इंधन अधिक सोडावे लागते. मुंबई-पुण्यातल्या शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेले रीमॅप लातूरच्या पंपावर चालवू नये. आपण रोज भरता त्याच इंधनावर ते करून घ्यावे. जुन्या गाडीच्या इंधननळ्यांची रबरेही एकदा पाहून घ्यावीत.

आणि गिअरबॉक्स. या गाडीचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स, २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी केलेला आहे. मूळ इंजिन १७५ देते, रीमॅपनंतर ते त्या मर्यादेच्या जवळ सरकते. गाडी जागेवरून उसळी मारत काढण्याचा मोह टाळला, तर क्लच टिकेल. तरीही मला विचाराल, तर ही रक्कम दोन ट्रॅक डेचे शुल्क, पेट्रोल आणि टायर यांवर घालावी. रीमॅप पुढच्या वर्षीही होईल.

प्रश्न : रात्री दोनच्या सुमारास समृद्धी महामार्ग मोकळा असतो. तिथे शून्य ते शंभर आणि टॉप स्पीड तपासले तर काय हरकत आहे?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : हरकत आहे. त्या मार्गावर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाखाली गुन्हा आहे, त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड आहे. मोकळा दिसणारा रस्ता मोकळा नसतो. दिवे बंद करून कडेला उभा राहिलेला ट्रक आपल्या दिव्यांच्या टप्प्यात येतो तेव्हा ताशी १८० च्या वेगात आपण सेकंदाला ५० मीटर जात असता. यापुढे या विषयावरची पत्रे या सदरात घेतली जाणार नाहीत.

प्रश्न : ट्रॅकवर मोटारसायकलचे हेल्मेट चालते का? आणि चारपदरी हार्नेस (चार पट्ट्यांचा सीटबेल्ट) बसवू का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : आयोजकांना विचारावे, काही ठिकाणी नवशिक्यांचे मोटारसायकलचे हेल्मेट चालवून घेतात. स्वतःचे घ्यायचे असेल, तर हेल्मेटची चाचणी घेणाऱ्या स्नेल या अमेरिकी संस्थेचे एसए मानांकन असलेले घ्यावे, कारण त्याचे अस्तर आगीला दाद देत नाही. दुचाकीच्या एम मानांकनात ती अट नाही. हार्नेस मात्र मूळ सीटवर बसवू नये. गाडी उलटली, तर साधा पट्टा शरीराला बाजूला झुकू देतो, हार्नेस ताठ धरून ठेवतो. छताखाली रोल बार (आधार देणारी पोलादी कमान) नसेल, तर दबलेले छत थेट डोक्यावर येते. हार्नेस, रेसिंगची सीट आणि रोल बार एकत्र येतात किंवा एकही येत नाही.

प्रश्न : माझ्याकडे साधी स्विफ्ट आहे, काहीही बदललेले नाही. नांदेडहून कोणत्या ट्रॅकवर जावे आणि जाताना काय तयारी करावी?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : आपल्या पत्राची मी वाट पाहत होतो. मराठवाड्यातून ट्रॅक लांब आहेत आणि माझा असा कयास आहे, की त्या अंतरामुळेच आपल्याकडे हौस गॅरेजमध्ये अडकून पडते. हजार किलोमीटर जाण्यापेक्षा एक डबी मागवणे सोपे वाटते.

पुण्याजवळ मावळातला नानोलीचा ट्रॅक त्यातल्या त्यात जवळचा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा १९९० पासूनचा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटरचा आहे आणि त्याची वेगवान वळणे नवख्याला घाबरवतात. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट पाच किलोमीटरहून मोठा. २०११ ते २०१३ या काळात तिथे फॉर्म्युला वन झाली. तिथला सरळ पट्टा एक किलोमीटरचा आहे, त्यावर आपली स्विफ्ट बिचारी एकटी पडेल. शिकायला मला कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आवडतो. मारुती ८०० च्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती गाड्या बांधणाऱ्या एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा आहे. वेग फार वाढत नाही आणि वळणे इतक्या लवकर येतात, की एकाच सत्रात एकाच चुकीला दहा वेळा सुधारण्याची संधी मिळते. प्रवास लांबचा आहे, दोन दिवस धरून निघावे. गाडीनेच जावे आणि गाडीनेच परतायचे आहे, हे चालवताना ध्यानात ठेवावे.

एक कागद मात्र आधी वाचून घ्यावा. आपल्या नेहमीच्या विमा पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो; ट्रॅकवर गाडी ठोकली, तर खर्च आपलाच.

तयारी थोडीच आहे. नवे ब्रेक ऑइल, निम्म्याहून अधिक उरलेले पॅड, पुढच्या टायरची पुरेशी नक्षी. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरावे. वळणात गाडीवर तिच्या वजनाइतका आडवा जोर आला, तर इंजिनाखालच्या चेंबरमधल्या ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो आणि कमी ऑइल असेल तर पंपाच्या तोंडाशी हवाच उरते. डिकी रिकामी करावी, पायाखालचे गालिचे काढावेत. पहिल्या सत्रात प्रशिक्षक शेजारी बसवावा आणि ब्रेक सरळ रेषेतच मारून संपवावा; वळणाच्या आतल्या कडेला गाडी जिथे सर्वांत जवळ जाते तो बिंदू वाटतो त्यापेक्षा थोडा उशिरा गाठावा.

टायरसाठी शाळेतला खडू सोबत न्यावा. पुढच्या दोन्ही टायरच्या खांद्यावर, जिथे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, तीन ठिकाणी बोटभर उभ्या रेघा ओढाव्यात आणि पाच फेऱ्यांनंतर उतरून पाहावे. खडू भिंतीपर्यंत पुसला गेला असेल, तर टायर वळणात दुमडतो आहे, हवा कमी आहे. नक्षीच्या कडेवरचाही खडू तसाच असेल, तर हवा जास्त आहे. सकाळी २५ अंशांना भरलेली ३२ पीएसआय हवा टायरमध्ये ७० अंशांना तापली की ३९ च्या आसपास जाते, म्हणून तापलेल्या टायरमधून दोन-दोन पीएसआयने हवा सोडत, प्रत्येक वेळी खडू पाहत जावे आणि आकडे वहीत लिहावेत. संध्याकाळी परतीला निघण्याआधी टायर निवू द्यावेत आणि बाहेरच्या पहिल्या पंपावर हवा पुन्हा कंपनीच्या आकड्यावर आणावी. मी एकदा ते विसरलो आणि सालेमपर्यंत गाडी एका बाजूला का ओढते आहे, याचा शोध घेत राहिलो.